चहाडखोर डबी

"वहिनी, एक विचारू? रागावू नकोस हं," असं म्हणत नणंदेने बशीतला केकचा तुकडा चमच्याने मधोमध कापला, तेव्हाच सूनबाईने ओळखायला हवं होतं की आज आपली धडगत नाही. नणंद एरवी काही विचारायची परवानगी मागत नसे. ऑफिसात तिचं काम लोकांच्या रजा मंजूर करायचं, आणि घरी आल्यावरही माणसं मंजूर-नामंजूर करायची सवय काही सुटत नव्हती.

सूनबाईच्या नवऱ्याचा वाढदिवस होता. बैठकीची खोली भरलेली. सोफ्यावर काकू, म्हणजे चुलत सासूबाई, कानातलं यंत्र नीट बसवत होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई होत्या. नणंदेने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, खोली भरल्याची खात्री केली आणि म्हणाली, "तू आईसाठी वृद्धाश्रम शोधतेयस का?"

काकूंनी कप खाली ठेवला. त्यांना कमी ऐकू यायचं, पण असलं काही कधी हुकत नसे.

"मी?" सूनबाई म्हणाली. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? टीव्हीवर एक तो तळ्याकाठचा पाहिलास. मग तो डोंगरावरचा, जिथे म्हाताऱ्या बायका वाफ्यात भाजी लावतात. तो तर दोनदा पाहिलास. मी काही म्हणत नाही गं, शोध हवं तर, पण आईला कळू न देता?"

"मी कधी पाहिला?"

"मग काय आईने पाहिला? तिला रिमोट सरळ धरता येत नाही!"

सगळे हसले. सासूबाईसुद्धा थोडंसं हसल्या आणि बशीकडे पाहत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. सूनबाई त्यांच्याकडे बघत होती, की आता म्हणतील, अगं काहीतरीच काय बोलतेस, माझी सून तसली नाही. पण त्या उठल्या, हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली बॅग भरली. "थोडे दिवस लेकीकडे राहून येते," म्हणाल्या. थोडे म्हणजे किती, ते विचारायची सूनबाईची छाती झाली नाही.

ही सून म्हणजे कोणी ऐरीगैरी नव्हती. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. मेणात दात लावायचे, प्लास्टर ओतायचं, घासून घासून हिरडीला बसेल असं करायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. सासूबाईंची कवळीही तिच्याच हातची. किती वेळा घासली, किती वेळा परत केली, कारण सासूबाईंना जराही टोचलेलं तिला चालत नसे. जेवताना त्या चावायच्या थांबल्या की सूनबाईचा घास थांबे. लोकांत सासू-सुनेच्या भांडणाच्या गोष्टी चालायच्या तेव्हा या दोघी एकमेकींकडे बघून गालात हसायच्या. आणि आता त्याच सासूबाई लेकीच्या घरी बसून समजत होत्या की सून आपल्याला घालवायला निघाली होती. बाकीच्या नातेवाइकांनी काय समजायचं ते समजावं. काकूंनी गावभर सांगावं. पण आईंनी असं समजावं, हे तिला गिळता येत नव्हतं.

दात धरायचा म्हटला तर तो तिचा धंदाच होता. तिने नणंदेवर धरला तो चांगलाच धरला.

नणंद खरं म्हणजे वयाने तिच्याहून धाकटी. पण सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा "ताई" म्हण असं कोणीतरी सांगितलं, आणि ते तोंडातून कधी गेलं नाही. वहिनीने "ताई, तुम्ही" म्हणायचं आणि ताईने "वहिनी, तू" म्हणायचं. हेसुद्धा आता तिला खुपायला लागलं.

"पण तिला कळलं कसं?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं अडकली तरी घाईने काही करायचं नाही, हा त्याचा नियम, आणि बायको संतापली तरी तो हाच नियम लावत असे. "तू पाहिलं नाहीस म्हणतेस..."

"म्हणतेस म्हणजे? तुला शंका आहे?"

"नाही गं. मीही पाहिलं नाही. आई तर... आपण लावून देतो तेवढंच बघते. मग पाहिलं कुणी, आणि ते तिला कळलं कसं?"

दोघांनी एकदमच टीव्हीखालच्या डबीकडे पाहिलं. साबणाच्या वडीएवढी काळी, गुळगुळीत डबी, इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी. आईला विरंगुळा म्हणून ती नणंदेनेच आणून दिली होती, स्वतःच्या हाताने लावून दिली होती, आणि "काही करायचं नाही वहिनी, माझ्याच खात्यावर चालेल," असं वर सांगितलं होतं. तेव्हा सूनबाईला केवढं बरं वाटलं होतं! तिने नणंदेला निघताना डबा भरून दिला होता. ते आठवून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टीव्ही-रेडिओच्या दुकानदाराकडे ती लॅब सुटल्यावर गेली. दुकान म्हणजे एक बोळ. दोन्ही भिंतींना उघडे टीव्ही टेकवलेले, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दुकानदार जाडजूड होता, त्यामुळे गिऱ्हाईक आत असेपर्यंत त्याला बाहेर पडता येत नसे. सूनबाईला ते सोयीचंच होतं.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत एका टीव्हीची पाठ बंद करत होता.

"त्यात काय," तो म्हणाला. "खातं त्यांचं, म्हणून तुम्ही काय बघता ते त्यांच्या टीव्हीवर दिसतं. वरच्या ओळीत येतं ना, 'पुढे पाहा' म्हणून, तिथे. कोणता कार्यक्रम, कुठपर्यंत पाहिला, सगळं."

"पण आम्ही पाहिलेच नाहीत हो ते!"

"टीव्ही चालू ठेवून जाता का?"

"सासूबाईंसाठी. सकाळी बागेचा कार्यक्रम लावून देते आणि कामाला जाते."

"झालं तर. एक संपलं की ही डबी आपल्या मनाने दुसरं लावते. बाग संपली, भाजीचे वाफे लागले. वाफे संपले, म्हाताऱ्या बायकांचे वाफे लागले. तिथून आश्रम कितीसा लांब?"

सूनबाई स्टुलावर बसली. म्हणजे घरात दुसरं कोणी नसताना, सासूबाई डुलक्या काढत असताना, या काळ्या वडीने आपल्या मनाने कार्यक्रम लावले, आणि वर तिनेच जाऊन चहाडी केली! तिला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. हायसं एवढ्यासाठी, की आता गुन्हेगार सापडला. राग एवढ्यासाठी, की नणंदेने त्या चहाडखोर डबीवर विश्वास ठेवला आणि सख्ख्या वहिनीवर नाही.

"मला दुसरी डबी पाहिजे," ती म्हणाली. "जी कोणाला काही सांगणार नाही."

"तसं सगळेच म्हणतात. मग रंग विचारतात."

"रंग नको. तोंड बंद पाहिजे."

दुकानदाराला गंमत वाटली. त्याने काउंटरवर एकेक काढायला सुरुवात केली. पहिली डबी देखणी होती. रिमोटवर एक गोल बटण. "हे दाबायचं आणि काय पाहिजे ते बोलायचं. लगेच लागतं."

"आमच्या रिमोटवरही आहे. कोणी हात लावत नाही. म्हणजे ही ऐकते?"

"ऐकते आणि ऐकलेलं पाठवते. त्याशिवाय ओळखणार कशी?"

"ठेवा आत."

दुसरी डबी त्याने टीव्हीला जोडली. पडद्यावर रंगीत चिन्ह आलं आणि मग नाव-पत्ता विचारणारी चौकट. "इंटरनेट काढा," सूनबाई म्हणाली. त्याने काढलं. चौकट तशीच उभी. त्याने पुढे जायचं बटण दाबलं, मागे जायचं दाबलं, बंद करून परत लावली. चौकट हलेना. "नाव सांगितल्याशिवाय घरात घेत नाही ही," तो ओशाळून म्हणाला.

"घर माझं आणि दाराशी नाव मी सांगायचं?" सूनबाई म्हणाली. "ठेवा आत."

कवळी तोंडात बसते की नाही हे ती बोलून तपासत नसे, चावायला लावून तपासत असे. इथेही तिने तसंच केलं. एकेकीचं इंटरनेट काढायला लावलं, एकेकीला आपल्या पेनड्राइव्हवरचं गाणं वाजवायला लावलं, आणि दुकानदाराच्या तोंडच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. दुकानदार घामाघूम झाला, पण त्याला राग आला नाही. असं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

शेवटी त्याने फळीच्या मागून एक ओबडधोबड पेटी काढली. कोपरे बोचरे, झाकणाला चार उघडे स्क्रू. "ही कोणी नेत नाही. दिसायला काही नाही."

"कवळीसुद्धा ताटलीत ठेवली तर काय दिसते? लावा."

ही पेटी इंटरनेटशिवाय सुरू झाली. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. दुकानदाराने समजावलं, की हिच्यातला प्रोग्राम जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलाय आणि कोणीही तो उघडून वाचू शकतं, म्हणून त्यात चोरकप्पा राहत नाही. स्वतःची डिस्क जोडली की त्यावरचं दाखवते, अँटेनावर येणारे कार्यक्रम साठवून ठेवते. काय पाहिलं याची नोंद ठेवायची की नाही हेसुद्धा आपण ठरवायचं, आणि ठेवली तरी ती पेटीच्या पोटातच राहते.

"एक मात्र करा," तो म्हणाला. "टीव्हीचं स्वतःचं वायफायही बंद करा. आजकालचे टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखतात आणि कळवतात. नाहीतर पेटी गप्प आणि टीव्ही बोलका, असं व्हायचं."

"म्हणजे मी घरात दोन-दोन नणंदा आणून ठेवल्यात," सूनबाई म्हणाली. तिने ती ओबडधोबड पेटी घेतली.

"जुनी डबी आणून द्या, मी मोडीत काढतो."

"हो, आणते," असं म्हणून ती निघाली आणि दाराशी थबकली. "एक सांगा. आमच्याकडचं त्यांना दिसतं. म्हणजे मी आज जे लावीन ते त्या बघणार?"

"अर्थात. आणि त्यांच्याकडचं तुम्हाला."

तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून दुकानदार म्हणाला, "डबी मोडीत काढायची घाई नाही, असं दिसतंय."

"अजून थोडं काम आहे तिच्याकडे."

नव्या पेटीचं खोकं तिने कपाटावर ठेवलं आणि चहाडखोर डबीला कामाला जुंपलं. सकाळी निघायच्या आधी ती टीव्ही लावायची, आवाज बंद करायची आणि कुलूप लावून जायची. रिकाम्या खोलीत दिवसभर कार्यक्रम चालायचे. पहिल्या दिवशी 'चाळिशीनंतरचं बाळंतपण'. दुसऱ्या दिवशी 'गरोदरपणात काय खावं'. मग तिला चव लागली. तिने 'जुळ्यांना एकाच वेळी कसं झोपवावं' हा लांबलचक कार्यक्रम दोनदा लावला, कारण नणंदेला दोनदा पाहिलेलं फार लक्षात राहतं हे तिला माहीत होतं. तिची स्वतःची मुलगी शिकायला बाहेरगावी होती आणि तिचे स्वतःचे गुडघे दुखत होते. लॅबमध्ये मेणाच्या हिरडीत दात रोवताना ती मध्येच एकटी हसे, आणि शेजारच्या टेबलावरची बाई तिच्याकडे संशयाने बघे.

एका सकाळी नवरा चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर उभा राहिला. पडद्यावर दोन तान्ही बाळं एकाच पाळण्यात होती.

"काही... आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. तुझ्या बहिणीचं औषध."

त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "आईला आणायला नुसते गेलो असतो आपण. सांगितलं असतं की यंत्राने लावलं."

"आणि ताईंनी मान डोलावून 'बरं' म्हटलं असतं? चारचौघांत चिरलंय मला तिने. चारचौघांतच शिवून घेणार."

दुसऱ्याच्या घरात डोकावायची तिला हौस नव्हती. खरं सांगायचं तर एक-दोनदा डोकावली. वरच्या ओळीत नणंदेच्या नवऱ्याचे मासे पकडायचे कार्यक्रम होते आणि नणंदेच्या पाककृतींच्या स्पर्धा. त्यात काही हाती लागण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने नाद सोडला.

लवकरच काकूंचा फोन आला. काकू फोनवर नेहमीच ओरडून बोलत. "काय गं, बरी आहेस ना? जड काही उचलू नकोस हो!"

"मी कशाला जड उचलू?"

"नाही, आपलं म्हटलं. आणि आंबट खावंसं वाटलं तर माझ्याकडे ये!"

सूनबाईने फोन ठेवला आणि टाळी वाजवली.

नणंदेला ऑफिसात बढती मिळाली. तिने चहाला सगळ्यांना बोलावलं. सूनबाईने चांगलीशी साडी नेसली, हातात पेढ्यांचा पुडा घेतला आणि नवऱ्याबरोबर पोचली. नणंदेची खोली मोठी, टीव्ही भिंतभर. नव्या सोफ्याच्या एका टोकाला सासूबाई बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या, पदर मांडीवर घट्ट धरून.  त्यांनी हात पुढे केला, हिने धरला. "जेवता ना नीट? टोचत नाही ना काही?" एवढंच ती बोलली, कारण काकू शेजारीच होत्या आणि त्यांच्याच्याने फार वेळ गप्प राहवणार नाही हे दिसतच होतं.

"अगं, उभी कशाला? बस आधी!" काकू ओरडल्या. "या वयात जपायला पाहिजे! त्यातून जुळी!"

 सूनबाईचा नवरा छताकडे बघायला लागला.

"कुणाला जुळी होणारेत, काकू?" सूनबाईने अगदी गोड आवाजात विचारलं.

"तुला! तुझी नणंदच म्हणाली!"

"ताई?" सूनबाई वळली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

नणंदेचा चेहरा उतरला. "म्हणजे... नाहीये का? तू तर रोज तेच..."

"रोज तेच काय?"

 सूनबाईने टेबलावरचा रिमोट उचलला. कितीतरी दिवस ती या घटकेची वाट बघत होती. तिने 'पुढे पाहा' ही ओळ उघडली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. चाळिशीनंतरचं बाळंतपण. गरोदरपणात काय खावं. जुळ्यांना कसं झोपवावं. "हे सगळं माझ्या घरातलं, रिकाम्या घरातलं. मी टीव्ही लावून कामाला जात होते. आणि ताई इथे बसून वाचत होत्या. माझ्या घरी काय लागतं ते या डबीतून बघतात, आणि मग चारचौघांत माझे वाभाडे काढतात. तसेच ते आश्रमाचे कार्यक्रम. त्या डबीने आपल्या मनाने लावले होते ते."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, काकू सगळ्यांत मोठ्याने. नणंदेचा नवरा मान खाली घालून हसत होता. सूनबाईला वाटलं, इथेच थांबावं. पण तिच्या अंगठ्याने आणखी एक बटण दाबलं, कारण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. ओळ पुढे सरकली. माशांचा कार्यक्रम, पाककृती, आणि मग पडद्यावर एक घर आलं. डोंगर, बाहेर वाफे, वाफ्यांत वाकलेल्या म्हाताऱ्या बायका. अर्ध्यावर थांबलेला कार्यक्रम. त्याच्या पुढे आणखी एक तसाच.

सूनबाईने तो लावला नव्हता. बाळंतपणात इतकी गुंतली होती की दुसरं काही लावायला तिला सवडच नव्हती.

"आणि हा, ताई?" ती म्हणाली. "हा कोणी पाहिला?"

नणंद पडद्याकडे बघत राहिली. "मी नाही. मी कधी पाहिला?"

"मग काय आईंनी पाहिला?"

हे शब्द आपोआप आले, जसेच्या तसे, आणि तोंडातून बाहेर पडताना ते तिला गोड लागले. आता कोणी हसत नव्हतं. काकूंनी नणंदेकडे असं पाहिलं जसं त्या दिवशी सूनबाईकडे पाहिलं होतं. "अगं, आईला आणून किती दिवस झाले, आणि लगेच?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजाने ते पार जिन्यापर्यंत गेलं.

"हीही डबीच चुकली असेल," नणंद घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुझी चुकली, तशी माझी पण!"

"माझी बाग बघता बघता चुकली. तुमची मासे बघता बघता चुकली वाटतं."

नणंद रडायला लागली. तोंडावर हात घेऊन, आपल्याच बढतीच्या दिवशी, आपल्याच नव्या सोफ्यावर. सोफ्याच्या टोकाला सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे ना गं..." पण तो आवाज इतका बारीक होता की कोणाच्या कानावर गेला नाही, किंवा गेला तरी कोणी थांबलं नाही.

"चला आई, घरी जाऊ," सूनबाई म्हणाली. सासूबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि बॅग भरायला आत गेल्या.

घरी आल्यावर नवरा बॅग दाराशी ठेवून कामाला गेला. कुठेतरी लिफ्ट अडकली होती. सूनबाईच्या अंगात अजून वारं होतं. तिने सासूबाईंना खिडकीजवळ बसवलं, चहाडखोर डबीची वायर एका हिसक्यात उपटली आणि कपाटावरचं खोकं खाली काढलं. टीव्हीचं वायफाय बंद केलं. डिस्क जोडली. सासूबाईंची आवडती जुनी गाणी, नातीच्या लहानपणीचे व्हिडिओ, बागेच्या कार्यक्रमांचा साठा, सगळं तिने आधीच भरून ठेवलं होतं.

"बघा आई. ही कुरूप आहे, पण घरची आहे. हिला ऐकू येत नाही, ही नोंद ठेवत नाही, ही कोणाला काही सांगत नाही. तुम्ही काय बघता ते आता कोणालाही कळणार नाही."

सासूबाई पेटीकडे बघत राहिल्या. "कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही!"

"मग माझं कसं व्हायचं?" सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईला आधी वाटलं, त्या रिमोटबद्दल म्हणताहेत. "मी शिकवते ना. सोपं आहे."

"रिमोट येतो मला. ते गोल बटण दाबून बोललं की लागायचं. वृद्धाश्रम म्हटलं, की लागायचे."

सूनबाईच्या हातात डिस्कची वायर होती. ती तशीच राहिली.

"तुम्ही पाहिलेत?"

"इथे मीच पाहिले. तिच्याकडेही मीच." सासूबाई हळू बोलत होत्या, पण अडखळत नव्हत्या. हे वाक्य त्यांनी मनात बरेचदा म्हटलं असावं. "मला ठाऊक होतं तिला तिकडे दिसतं ते. संध्याकाळी फोन करायची ना, आज बाग लावून दिली वाटतं वहिनीने, असं म्हणायची. म्हटलं, हे बघितलं की विचारेल, आई, तू हे का बघतेस? तिने तुला विचारलं. मग तिच्याकडे गेले. तिथेही बघितलं. म्हटलं, आता तुला दिसेल, तू विचारशील. तू तिला विचारलंस."

"पण तुम्ही बोलायचं ना, आई! त्या दिवशी सगळ्यांसमोर मी... तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"काय बोलू? मला या घरातून जायचंय, असं सांगू? पाहुण्यांत? काकू काय म्हणाल्या असत्या? सुनेने छळली म्हणून निघाली. तुझीच नाचक्की. म्हणून गप्प बसले, तर तुझी आणखीच झाली." त्या थांबल्या. "दिवसभर मी असते आणि ती डबी असते. तुम्ही येता तेव्हा दमलेले असता. त्या बायका तिथे दुपारी पत्ते खेळतात. एक जण दुसरीला लबाड म्हणते, दुसरी पत्ते फेकून देते, संध्याकाळी पुन्हा खेळायला बसतात. मला इथे लबाड म्हणायला कोणी नाही."

सूनबाईला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कोणाचा आला हे तिला कळेना. इतके दिवस तिने रागाला व्यवस्थित घर दिलं होतं, त्याला नणंदेचं नाव दिलं होतं, आणि आता ते घर रिकामं निघालं. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, तिलाच दोघींनी मधे बसवून ठेवलं होतं आणि तिच्या डोक्यावरून एकमेकींवर दगड फेकले होते. एकदाही खाली वाकून विचारलं नव्हतं.

तिने फोन उचलला. नणंदेने घेतला नाही. परत लावला. मग घेतला.

"अजून काय राहिलंय?" नणंद म्हणाली. आवाज रडून बसलेला. हाच आवाज ऐकायला सूनबाई आसुसली होती, आणि आता तो ऐकवत नव्हता.

"ताई, तो तुम्ही पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. डबीही चुकली नव्हती. आईंनी पाहिला. त्यांना जायचंय."

 "आता हे सांगतेस?" नणंद म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगशील का? काकूंना सांगशील?"

"सांगेन," सूनबाई म्हणाली. फोन कधीच बंद झाला होता.

ती सासूबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. गुडघे दुखले, तरी बसली.  जे घरात कधी विचारलंच नाही ते विचारायची सवय नव्हती.

"कुठलं आवडलं तुम्हाला?" शेवटी तिने विचारलं. "तळ्याकाठचं?"

"छे. तिथे डास असतील," सासूबाई म्हणाल्या. "डोंगरावरचं. तिथल्या वाफ्यात त्या मेथी फार दाट पेरतात. विरळ करायला पाहिजे. मी सांगितलं असतं त्यांना."

सूनबाईने मान हलवली. डोळे पुसले. मग काहीतरी करायला हवं म्हणून उठली आणि दाराशी गेली.

"बॅग आत नेऊ का, आई?"

सासूबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"राहू दे तिथेच," त्या म्हणाल्या.